हाय की नायी

शांभवीनं राजवीरचा चावा घेतला, तेव्हा वल्लरीच्या नव्या वाचनकोपऱ्याचा नारळ फुटून खोबरंही वाटून झालं नव्हतं.

राजवीर भोकाड पसरून बाहेर आला. त्याच्यामागून एक उशी आली. मग पडदा ओढला गेला आणि आत सामसूम झाली. तीन-साडेतीन वर्षांची शांभवी आता कोपऱ्याची एकटी मालकीण होती.

राजारामपुरीतल्या राहत्या घरात वल्लरी पाळणाघर चालवायची. हा कोपरा तिनं मोठ्या हौसेनं केला होता. पुढच्या खोलीत खिडकीखाली गादी घातली, जुन्या साडीचा पडदेवाला तंबू बांधला, त्याच्याशेजारी फळांच्या खोक्यांना रंग देऊन बुटकं कपाट केलं आणि त्यात जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं मांडली. त्यापायी सासऱ्यांची आरामखुर्ची बाहेर सोप्यात गेली. सासरे, म्हणजे सयाजीआबा, सकाळपासून तिथूनच बोलत होते. "सोताच्या घरात पावणा झालो की मी!" आबांची उमेदीची वर्षं गुऱ्हाळाच्या इंजिनाशेजारी गेली होती. त्यांचं साधं बोलणंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं.

खरं तर कोपरा शांभवीसाठीच केला होता. तिचं घर निपाणीच्या पलीकडचं. आईवडील नोकरीसाठी कोल्हापुरात आलेले, घरात बोलणं कानडी. पाळणाघरात आल्यापासून पोरीनं एक शब्द काढला नव्हता. भरवलं की खायची, थोपटलं की झोपायची, बाकी वेळ नुसती टकामका बघायची. काल तिची आई शिवलीला दारातच रडकुंडीला आली होती.

"अक्का, घरी ही पोपटासारखी बोलते. इथं मुकी होऊन बसते. मला नाही बघवत. आणखी एक दिवस बघते, नाहीतर नोकरी सोडते."

परीक्षांवर परीक्षा देऊन मिळवलेली बँकेतली नोकरी होती ती. वल्लरीला रात्री नीट झोप लागली नव्हती.

आणि आता ही मुकी पोर चावायलाही लागली होती. वल्लरीनं पडद्याशी बसून लाडानं हाक मारली. आतून दुसरी उशी आली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून खिचडी करपल्याचा वास आला.

"आबा, पोरांकडं बघा जरा! पुस्तकातली चित्रं दाखवा त्यांना!" असं ओरडत वल्लरी आत पळाली.

आबा कुरकुरत आले. गुडघे धरून पडद्यासमोर फरशीवर बसले. एका बाजूला मुसमुसणारा राजवीर, दुसऱ्या बाजूला पाळणाघरातलाच अर्णव. आबांनी हाताला येईल ते पुस्तक उघडलं आणि भरल्या बाजारात विचारावं तसं विचारलं, "सांगा, हे काय हाय?"

त्या आवाजानं राजवीरचं रडणं जागच्या जागी थांबलं. पडद्याला फट पडली. फटीतून एक डोळा दिसला. मग एक बोट बाहेर आलं आणि चित्रावर टेकलं.

"नायी," शांभवी म्हणाली.

स्वयंपाकघरात वल्लरीच्या हातातला डाव तसाच राहिला. हा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. ती दारात येऊन उभी राहिली.

"न्हाय?" आबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "न्हाय कसं? हाय की! चांगलं ढळढळीत कुत्रं हाय!"

"नायी!"

"अगं, हाय की! हे बघ शेपूट हाय, हे कान हायत..."

"नायी! नायी! नायी!" शांभवी निम्मी बाहेर आली. गाल लाल झाले होते.

"हाय! हाय! हाय!" आबांनी फरशीवर थाप मारली.

राजवीर चावा विसरून शांभवीच्या पार्टीत गेला आणि "नायी" म्हणून किंचाळू लागला. अर्णव आबांच्या बाजूनं "हाय" म्हणू लागला. समोरच्या गॅलरीत बायका गोळा झाल्या. यांच्या घरात वाटण्या चालल्यात, असंच त्यांना वाटलं. आबांना आवरावं म्हणून वल्लरीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पोरगी बोलत होती. भांडत होती म्हणा, पण बोलत होती.

त्याच वेळी शिवलीला आत आली. संध्याकाळपर्यंतही तिला धीर निघाला नव्हता; पोरीला घरी न्यायचं आणि साहेबांना राजीनामा कळवायचा, असं ठरवूनच ती जेवणाच्या सुट्टीत आली होती. उंबऱ्यात तिनं क्षणभर ऐकलं आणि हसत हसत तिथंच बसली.

"आबा, भांडू नका हो तिच्याशी. आमच्या कानडीत कुत्र्याला नायीच म्हणतात."

आबांनी शांभवीकडं बघितलं. मग कुत्र्याकडं बघितलं.

"म्हंजे ही मघापासनं बरोबर सांगालीया?"

"व्हय."

"आणि मी उगंच वरडालोय?"

आबांनी पान उलटलं, मांजर काढलं आणि घरातल्या कोणी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात विचारलं, "बरं बाई, हे काय म्हणायचं?"

"बेक्कू," शांभवी म्हणाली आणि आत सरकून तिनं गादीवर जागा केली. आबा डोकं वाकवून तंबूत शिरले. त्यांच्यामागून राजवीर आणि अर्णवही "बेक्कू, बेक्कू" करत घुसले. तंबू एका बाजूला कलला, पण टिकला.

शिवलीलानं डोळे पुसले. पण ती ठरवून आली होती. पडद्याजवळ वाकून ती कानडीत हळूच म्हणाली, "चल बाळा, घरी जाऊ. आता मम्मी रोज घरीच राहणार."

पडदा बाजूला झाला. शांभवीनं आईकडं बघितलं, तिच्या पुढं केलेल्या हाताकडं बघितलं आणि कोणीही न शिकवलेल्या खणखणीत मराठीत म्हणाली,

"मम्मी, तू जा की बँकेत!"