मालकाच्या वरची चौकट

ट्रक दारात लागून तास झाला, तरी अमृतप्पा हमाल पोत्याला हात लावायला तयार नव्हता. संगणकावर लॉट हिरवा झालाय, मालकाच्या पोरानं, तानाजीनं मंजुरी दिलीय, निंबर्ग्याचा दुकानदार सकाळपासून फोनवर फोन करायलाय, हे सगळं त्याला सांगून झालं. तो आपला गोदामाच्या पायरीवर बसून टोपीनं वारा घेत होता.

"अक्काचा खडू न्हाई त्याच्यावर," एवढंच तो म्हणाला.

राजेश्वर गावात अंकुशरावांच्या बियाणं कारखान्यात ही जुनीच रीत. चांगुणाबाई तुरीच्या प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळते, सहाव्या दिवशी उलगडते आणि किती उगवले ते बघते. पाऊणशेच्या वर उगवले, की थप्पीतल्या पुढच्या पोत्यावर खडूनं एक गोल काढते. गोल नाही, तर पोतं हलत नाही. हे कुणी कधी लिहून ठेवलेलं नाही, आणि तीस वर्षांत तशी गरजही पडली नाही.

आता पडली. कारखान्याचा कारभार नव्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायला बीदरहून पंचशीला आली होती. प्रत्येक माणसाची एक चौकट करायची आणि कोण कुणाच्या हाताखाली, कुणाला काय दिसणार, कुणाला काय अडवता येणार, ते ठरवायचं. नावं तानाजीनं सांगितली. सगळ्यात वर त्याचे वडील अंकुशराव, मग तो स्वतः, मग गोदामाचा बसवप्रभु, आणि अगदी तळाला चांगुणाबाई. तिनं उगवणीचा आकडा भरायचा, बस्स. पुढं त्याचं काय झालं, ते तिला दिसायचंच नाही. तानाजी तसा वाईट पोरगा नव्हे हो. सगळीकडं असंच असतं, असं त्याला खरोखरच वाटत होतं.

काल चांगुणाबाईनं आकडा भरला होता, शंभरात एकसष्ट. पेरणी तोंडावर आलेली, गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल म्हणून तानाजीनं 'चालतंय' म्हणत मंजुरीचं बटण दाबलं, आणि लॉट हिरवा झाला.

पंचशीला गोदामात गेली, तर चांगुणाबाई गोणपाट पुढ्यात पसरून बसलेली. नाव ऐकूनच तिनं या पोरीला आपलं मानलं होतं, दोन दिवस स्वतःच्या डब्यातली भाकरी खाऊ घातली होती. आज मात्र तिनं मान वर केली नाही.

"मला तळाला बसवलंस, त्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "पण मी न्हाई म्हणलेलं कुणालाच ऐकू जाईना. असं कामून केलंस, पोरी?"

पंचशीलाला मनापासून लाज वाटली. दोन दिवस ती हापिसात बसून विचारत राहिली होती. इथं पायरीवर येऊन अमृतप्पाला एक प्रश्न विचारला असता, तर सगळं कळलं असतं.

तेवढ्यात अंकुशराव आले. त्यांनी गोणपाटावरचे न उगवलेले दाणे बोटानं एकेक चाचपून बघितले. तानाजीनं एवढी एक खेप जाऊ द्या म्हणून बरीच गळ घातली. पण ते पोराला आणि पंचशीलाला घेऊन सरळ संगणकापाशी जाऊन बसले. चांगुणाबाई हात पुसत मागून आली.

उगवणीच्या कामापुरती हिची चौकट माझ्या वर टाक, त्यांनी पंचशीलाला सांगितलं. मालकाच्या वर कुणी टाकत नाहीत, अप्पा, असं तिनं सांगून बघितलं.

"टाक की. पयल्याच वर्षी मी भरलेला ट्रक हिनं खाली करायला लावला हुता. लई राग आल्ता मला तव्हा. पण गावात अजून तोंड वर करून फिरायलोय, ते त्याच्याचमुळं."

पंचशीलानं चौकट उचलून वर ठेवली आणि अडवायचा हक्क चांगुणाबाईच्या नावावर केला. चांगुणाबाईनं पंचशीलाला विचारून एक बटण दाबलं, अन् लॉट लाल झाला. अंकुशरावांनी निंबर्ग्याला स्वतः फोन लावून दुसऱ्या लॉटसाठी आठ दिवसांची मुदत मागितली. तानाजी तोंड फुगवून बाहेर गेला; थोड्या वेळानं खिडकीतून बघावं, तर तोच अमृतप्पाच्या जोडीनं ती थप्पी बाजूला सारत होता.

चांगुणाबाईनं पडद्यावरची नावं एकेक करून वाचून घेतली. मग तिनं माझ्या वर कोण म्हणून विचारलं. कुणीच नाही, पंचशीला कौतुकानं म्हणाली. पण म्हातारी खूश व्हायची सोडून घाबरली.

"आन माझंच चुकलं तर? डोळे पयल्यासारखे न्हाईत आता. मला कोण अडवंल?"

बोलून तिनं अंकुशरावांकडं बोट केलं. ह्यांना टाक माझ्या वर, म्हणाली. पंचशीलानं दोन्ही चौकटी जोडून बघितल्या आणि बटण दाबलं. पडद्यावर तांबडी पट्टी आली. तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. चूक. ही दोन माणसं एकमेकांच्या वर असू शकत नाहीत.

चांगुणाबाईनं अंकुशरावांकडं बघितलं. अंकुशरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत डोळ्यांवर चढवला आणि ती पट्टी पुन्हा एकदा नीट बघितली.

"असं कसं?" ते म्हणाले. "मग तीस वर्षं आमी काय करायलाव?"