वस्तादाला जाब

माधवचा घास तोंडात तसाच राहिला आणि मान भिंतीला टेकली, तेव्हा कांताचं डोकं फिरलं. चौदा वर्षांचं पोर, आणि ताटावर असं झोपतं, जसा गिरणीत दोन पाळ्या ओढून आलेला साचेवाला. गुडघे सुजून नारळासारखे झालेले. झोपेतसुद्धा ओठ हलत होते, हुतूतू, हुतूतू.

ताट झाकून ती तडक तळमजल्यावरच्या जाईबाईंच्या खानावळीत गेली. गेल्या शिमग्यानंतरच ती गावाहून चाळीत राहायला आलेली. कोण कुणाचं हे तिला अजून पुरतं उमगलं नव्हतं. पण जाईबाईंची जीभ कुणाला ठाऊक नव्हती? भात कच्चा म्हणणाऱ्या गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमाला, त्यांनी ताटासकट जिन्यात नेऊन बसवला होता.

"मावशी, त्या दगडू वस्तादाला जाब विचारायला चला हो. आमचे हे फाउंटनच्या सत्याग्रहात आत गेलेत. मी एकटी बाई काय बोलणार?"

जाईबाई कालवण ढवळत होत्या. "काय केलं त्यानं?"

"पहाटे पळवतो, शाळा सुटली की पळवतो, वर पाठीवर वाळूची गोणी देऊन उठाबशा. आज सकाळी पोर भोवळ येऊन पडलं, तर तोंडावर पाणी मारून परत उभं केलं. म्हणतो कसा, मेला नाहीस ना?"

जाईबाईंचा हात थांबला. "असं म्हणाला?"

"हो ना. तुम्ही ओळखता त्याला?"

"त्याला कोण ओळखत नाही?"

पळी ठेवून त्या आत गेल्या आणि धुतलेलं लुगडं नेसून, केस चापून बाहेर आल्या. कांताला नवल वाटलं. भांडायला निघालेली बाई नटते कशाला? पण म्हातारीच्या तऱ्हा म्हणून ती गप्प राहिली. माधव तोवर खडबडून उठून मैदानाकडे पळालासुद्धा होता. उशीर झाला तर आणखी फेऱ्या पडायच्या.

वाटेत भिंतीभिंतीवर चुन्यानं लिहिलेलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. जाईबाईंनी त्यावरही तोंडसुख घेतलं. "झालाच पाहिजे म्हणे! आणि पोरं अशी पिळून काढली तर त्या महाराष्ट्रात राहायचं कुणी, पोलिसांनी?"

मैदान गिरणीच्या भिंतीमागे होतं. पोरं कडेकडेनं धावत होती. दगडू वस्ताद एका खोक्यावर बसला होता, एक पाय काठीसारखा सरळ पुढे टाकून. तो पाय वाकत नसे. जाईबाई दिसताच त्यानं विडी पायाखाली चिरडली आणि भिंत धरून उभा राहिला. बघायला बसलेल्या माणसांच्या गप्पा बंद पडल्या. हुतूतू मंडळाचे म्हातारे शामराव तर "भजी घेऊन येतो" म्हणत सटकलेच.

"बसा, बाई," वस्ताद कांताला म्हणाला.

"बसायला नाही आलो आम्ही!" जाईबाई कडाडल्या. "पोराचे गुडघे बघितलेस? अरे, बैलालासुद्धा दिवस मावळला की सोडतात. तुला ते लेकरू दिसतं की जुंपायचं जनावर?"

उत्तर वस्तादानं कांतालाच दिलं. "बाई, रविवारी हुतूतूची फायनल आहे. मिलचे साहेब बघायला येणार. पोर त्यांच्या नजरेत भरलं की मोठं झाल्यावर खात्यात चिकटलंच समजा. मालक तुरुंगात आहेत तुमचे. आता ढिलं सोडलं तर हातचं जाईल."

कांता क्षणभर घुटमळली. नोकरी म्हटल्यावर कोण घुटमळणार नाही?

"आणि पाय गेले म्हणजे?" जाईबाईंनी त्याच्या ताठ पायाकडे बोट केलं. "ह्याचं काय झालं ते सांग की तिला. मिशी फुटायच्या आत गिरणगावभर नाव झालं होतं. लोक खांद्यावर घेऊन नाचत होते. पुढे भिंत धरून उठायची पाळी आली, तेव्हा कुठला साहेब आला होता रे पाय चेपायला?"

अख्ख्या लालबागला दरडावणारा माणूस खाली मान घालून ऐकत होता. कांताला जोर चढला. म्हातारीची जीभ म्हणजे जीभ!

"बाई, पोर रडलं की आपण आणखी घट्ट व्हायचं," तो पुन्हा कांतालाच म्हणाला, शाळेत पाठ केल्यासारखं. "लाडानं कुणी मोठं होत नाही. मी असाच घडलो."

"घडलास!" जाईबाईंचा आवाज चिरकला. "सोड त्याला, दगडू. आजच्या आज सोड."

तेवढ्यात पळता पळता माधव मातीत बसला. पडला नाही, नुसता बसला. मागची पोरं थांबली. वस्तादानं शिट्टी ओठाशी नेली आणि न फुंकताच खाली सोडली.

"न्या," तो म्हणाला.

कांतानं पोराला काखेत हात घालून उठवलं. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि डोळ्यांत ना आनंद ना दुःख. ते रिकामे डोळे पाहिले आणि इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडाशी आलं. फाटकापाशी पोचलेली ती गर्रकन मागे वळली.

"वस्ताद, तुम्हाला आई नव्हती का हो?"



"आहे की," वस्ताद म्हणाला. मग पहिल्यांदाच तो जाईबाईंकडे वळला. "सांग तिला, आई. मी रडत घरी पळून आलो की मला कानाला धरून परत इथं कोण आणून सोडायचं?"