तात्यांचं नाव

“आधीची नोकरी का सोडलीत?” लिफ्टदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

उत्तर त्याच्या जिभेवर तयारच होतं. इतक्यांदा सांगून झालं होतं की आता तो कुठे अडखळतही नसे.

“सोडली नाही, काढलं मला. तिथले मुख्य मिस्त्री लिफ्टला जुनेच दोर ठेवायचे आणि नवे बाहेर विकायचे. मी बोललो. मग काय, खरं बोललं की सख्ख्या आईला राग येतो!”

बाई हसल्या नाहीत. समोर लिफ्टची मोटर उघडून ठेवली होती. हाताचं वंगण चिंधीला पुसत त्या ऐकत राहिल्या.

खरी गोष्ट वेगळीच होती. लिफ्ट तपासायची म्हणजे केबिनच्या छतावर चढायचं, दोर हाताने चाचपायचे, ब्रेक बघायचा. तो मात्र खाली बाकावर बसून चहा प्यायचा आणि सगळं ठीक म्हणून सही ठोकायचा. अशीच एक ‘ठीक’ लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक म्हातारी अख्खी दुपार हाका मारत राहिली. मुख्य मिस्त्रींनी, सगळे त्यांना तात्या म्हणत, त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. एवढंच म्हणाले, “का काढलं, ते माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. दुसरीकडे नीट काम कर.”

पण चोराच्या मनात चांदणं. तात्या आज ना उद्या बोलणारच, या धास्तीने त्याने आधी स्वतःच तोंड उघडलं. सुट्या भागांच्या दुकानात, टपरीवर, जुन्या सोबत्यांत, जिथे दोन कान दिसले तिथे त्याने दोरांची कहाणी ऐकवली. या धंद्यात माणसं थोडी आणि जिभा लांब. लिफ्टच्या दोरांची बातमी म्हटल्यावर गिऱ्हाइकं घाबरली. शेवटी कंपनीने तात्यांनाही नारळ दिला.

त्याचं नाव शाबूत राहिलं. फक्त मनमोकळं बोलायला कुणी उरलं नाही. ताईचा रोज फोन यायचा. “खरेपणापायी नोकरी घालवलीस रे. मला अभिमान वाटतो तुझा,” ती म्हणायची. काहीतरी निमित्त काढून तो फोन ठेवायचा. मित्रांनी पाठ थोपटलेलीही त्याला नकोशी झाली होती, म्हणून टपरी चुकवून तो लांबच्या रस्त्याने जाई. खोलीत बसून त्याला वाटे, कुणापाशी तरी एकदा खरं बोलून मोकळं व्हावं. खरं ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि त्याच्याच तोंडाला त्याने काळं फासलं होतं.

“तुमचे तात्या परवा इथे आले होते,” बाई म्हणाल्या. “काम मागायला. दोरांचं कानावर आलेलं, म्हणून मी नाही म्हटलं. पण तेव्हापासून मन खातंय मला. तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात. मला एकदा खरं सांगा, असं करायचे का ते?”

‘नाही’ एवढं म्हटलं की झालं असतं. तो शब्द ओठांपर्यंत आलासुद्धा. पण मग ताईला काय सांगायचं? टपरीवरच्यांना कसं तोंड दाखवायचं? आणि ही नोकरी तरी कोण देणार?

“करायचे,” तो म्हणाला. “या डोळ्यांनी पाहिलंय मी. फार गोड बोलतात, पण त्यांच्या एका शब्दावर विश्वास ठेवू नका, बाई.”

बाईंनी चिंधी बाजूला ठेवली.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या.

त्याला हायसं वाटलं. “मग मी कधीपासून येऊ?”

“आता कसं घेऊ तुम्हाला?” बाई म्हणाल्या. “मी नाही म्हटल्यावर तात्या दारातून वळून म्हणाले होते, ‘मला नको तर नको, माझ्या हाताखालच्या त्या पोराला तरी घ्या, त्याची हमी मी देतो.’ तुमच्याबद्दल माझ्याकडे त्यांचा तेवढा एकच शब्द होता.”