साठ मिली

रम, साठ मिली. रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक दाबके मास्तर मोजपात्राशी वाकले. शेजारी उघडं ठेवलेलं कॉकटेलच्या कृतींचं पुस्तक मुलाने स्वतः लिहून, तो नोकरीला होता त्या प्रवासी जहाजावरून पाठवलं होतं. त्याच्या नोकरीबद्दल बारा वर्षं मास्तर लोकांना एवढंच सांगत आले होते, "तो हॉटेलात असतो."

अननसाचा रस, नव्वद मिली. "मी चाखणार नाही हं," नारळाचं दूध पिळत बायको म्हणाली. "पण पुढचं वाचा."

मास्तरांनी वाचलं, "माप डोळ्यांच्या पातळीला आणून बघावं. हे मला बाबांनी वर्गात शिकवलं."

बायकोचे हात थांबले. मास्तरांनी चष्मा पुसला.

बर्फ, चार खडे. तेवढ्यात शेजारचे गवाणकर डोकावले. "मास्तर, तुमच्या घरी दारू?"

"प्या," मास्तरांनी पेला पुढे केला. "चिरंजीव बारटेंडर आहेत आमचे. माप अचूक असतं त्यांचं."