पातळ वड्या

तार साबणात जेमतेम रुतली आणि मुलीने ती परत वर काढली. कापायच्या लाकडी पेटीला अंगठाभर अंतरावर खाचा होत्या. आईनेच सुताराकडून करून घेतलेल्या. मुलीने ठोकळा पेटीतून काढून टेबलावर ठेवला. खाचांच्या निम्म्याहून कमी अंतर नजरेनेच धरलं आणि तार पुन्हा लावली.

आई समोरच्या खुर्चीत होती, पाठीशी दोन उशा. औषधांनी तिची कातडी इतकी हळवी झाली होती की दुकानातला कुठलाच साबण सोसत नव्हता, वासानेच मळमळायचं. तिने एवढंच मागितलं होतं: नुसत्या ऑलिव्ह तेलाचा, बिनवासाचा, घरचा साबण. एकदा नीट आंघोळ करायची आहे, म्हणाली. जन्मभर तिने लोकांसाठी साबण केला. या खेपेला कॉस्टिक सोडा मुलीने कालवला, आईने बसल्या जागेवरून सांगितलं.

ओला साबण कातडीला चावतो, वडी सुकेपर्यंत सहा आठवडे त्याला हात लावायचा नाही, हा आईचा नियम. सकाळी दवाखान्याच्या जिन्यात डॉक्टरांनी मुलीला एकटीला थांबवून जे सांगितलं, त्यात सहा आठवडे बसत नव्हते. घरात तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

वडील चहाचा कप विसळून आले.

"हे काय? साबण कापतेस की पत्त्यांचा कॅट करतेस?"

"मोजू नका. बावन्न नाही भरायचे," मुलगी म्हणाली.

"तुझ्या आईने मला कायम विटा दिल्या. एक पायावर पडली तर नख गेलं माझं."

"नख दाराने गेलं होतं," आई म्हणाली. "उगाच साबणाला बोल लावू नका."

वडील जरा जास्तच मोठ्याने हसले. मग एक वडी उचलून पाहत म्हणाले, "पण खरंच, इतक्या पातळ कशाला गं?"

"आईच्या हातात मावायला नकोत? मोठी वडी निसटते." उत्तर तिने तयार ठेवलं होतं.

"डोकं आहे पोरीला. माझ्यावर गेलीय."

"अहो, ते डोकं घेऊन बाल्कनीत जा आणि फळी पुसा," आई म्हणाली. "वड्या मांडायच्यात."

ते गेले. नळाचा आवाज सुरू झाला.

आईने एक वडी दोन बोटांत धरली. ती किंचित वाकली, मोडली नाही.

"सुकताना वेड्यावाकड्या होतील."

"होऊ देत."

"पंख्याखाली ठेवणार?"

"रात्रंदिवस."

"मग कधीपर्यंत वापरता येतील?"

मुलीने तार पुसली. पुसलेली तार पुन्हा पुसली. "तीन आठवडे," ती म्हणाली. "निदान तीन."

आईने वडीची कड अंगठ्याने चाचपली, जशी ती आयुष्यभर चाचपत आली होती. डॉक्टर काय म्हणाले, हे तिने विचारलं नाही.

"यांना ते वडी निसटण्याचंच कारण माहीत राहू दे," ती हळूच म्हणाली.

बाल्कनीतून वडिलांनी हाक मारली, "फळी कुठे ठेवू गं?"

"उन्हात नको," आईने ओरडून सांगितलं, "वाऱ्याला..." आणि तिचा आवाज तिथेच संपला.

"वाऱ्याला ठेवा, बाबा," मुलगी म्हणाली.

आईने श्वास बसू दिला. मग हातातली वडी टेबलावरून तिच्याकडे सरकवली.

"जाड आहे," ती म्हणाली. "अजून पातळ काप."