ज्याला चूक सापडत नाही

"लेखकाला गाडी चालवता येत नाही, हे मी लिहून देतो," वकील म्हणाला आणि त्याने पुस्तक टेबलावर टाकलं. "उतारावर, धुक्यात, टॉप गिअरमध्ये! गाडी आहे की विमान?"

बाई हसल्या. नाना कपाळावरचा घाम पुसता पुसता हसला. डॉक्टरांनी चालायला सांगितल्यावर त्याने गाडी विकून टाकली होती. गेलं वर्षभर तो चालतच यायचा.

छापखानेवाला हसला नाही. घर त्याचं होतं आणि पुस्तकही त्यानेच दिलं होतं.

महिन्यातून एकदा हे तिघे त्याच्याकडे जमायचे. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची आणि प्रत्येकाने तिच्यातली एक तरी चूक काढायची. ज्याला चूक सापडत नाही त्याने चहा करायचा. नियम छापखानेवाल्याच्या बायकोचा. नानाला प्रत्येक पुस्तक आवडायचं, त्यामुळे चहा कायम नानाकडे.

या वेळची कादंबरी पातळ होती. लेखकाचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. आमच्याकडेच छापली, चार प्रती मागून घेतल्या, एवढंच छापखानेवाल्याने सांगितलं होतं. गोष्ट साधी. एका माणसाची बायको संध्याकाळी रस्त्याच्या कडेने घरी येत असते. एक गाडी तिला उडवते आणि न थांबता निघून जाते. पुढे गाडीवाला गाडी रंगवून घेतो.

गेल्या वर्षी छापखानेवाल्याची बायको अशीच गेली. जमायचाच दिवस होता. ती चहासाठी दूध आणायला गेली. तिघेही त्याच रस्त्याने आले, ती आली नाही. दुधासाठी थांबू या, असं तो म्हणत होता, पण नानाने कोरा चहा टाकलासुद्धा. चहा संपायच्या आत फोन आला.

पुढच्या महिन्यात वकील आला तो लाल गाडी घेऊन. आधी ती पांढरी होती.

पोलिसांनी केव्हाच हात टेकले. पण तो लाल रंग छापखानेवाल्याच्या डोळ्यांत वर्षभर सलत होता. आज त्याला वकिलाला घाम फुटलेला बघायचा होता. पुढे काय करायचं तेही त्याने ठरवलं होतं.

तिची पिशवी कपाटात होती. हॉस्पिटलने दिली होती तशीच. कपडे, घड्याळ, चपलांचा जोड. एका चपलेचा अंगठा तुटलेला. ती चप्पल तिच्या मुठीत होती, बोटं सोडवून काढावी लागली, असं नर्सने सांगितलं होतं. पिशवीबद्दल तो कोणाशी कधी बोलला नव्हता.

"माझी चूक वेगळी आहे," बाई म्हणाल्या. शाळेत चाळीस वर्षं वह्या तपासल्या होत्या, आवाजात अजून लाल पेन होतं. "ती बायको. किती चांगली असावी माणसाने? ना कधी चिडत, ना कधी टोमणा मारत. अशी बायको जिवंत नसते. लेखकाची गेलेली असणार, म्हणून..."

त्या थांबल्या. "अरे, माफ कर हं. माझी जीभ म्हणजे ना."

"चालायचंच," छापखानेवाला म्हणाला. मग वकिलाकडे वळला. "आणि तो गाडी रंगवतो, ते कसं वाटलं तुला?"

"मूर्खपणा! गाडीला रंग देणं म्हणजे चोराने स्वतःच दवंडी पिटणं." वकील एकदम थांबला. त्याने छापखानेवाल्याकडे नीट पाहिलं. "रोख माझ्यावर आहे का रे?"

छापखानेवाल्याने नजर हटवली नाही.

"माझी गाडी तेव्हा महिनाभर गॅरेजात पडली होती. इंजिन उतरवलेलं होतं. तिथेच लाल रंग देऊन घेतला. त्या दिवशी मी बाईंच्या गाडीतून आलो."

"आणि रस्ताभर माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवलीस," बाई म्हणाल्या. "घरापासून इथपर्यंत तोंड बंद नव्हतं याचं." मग त्या छापखानेवाल्याकडे वळल्या. "वर्षभर हे मनात घेऊन बसलास होय रे? विचारायचं तरी."

छापखानेवाल्याने टेबलावरचं पुस्तक सरळ केलं. खाली रस्त्यावर कोण कोणाच्या गाडीतून उतरलं, हे त्याने खरंच कधी विचारलं नव्हतं.

"जाऊ दे," वकील हळू आवाजात म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

मग तोच मोठ्याने म्हणाला, "नाना, तुझी चूक सांग. की ठेवतोस आधण?"

"मला तर आवडली बुवा," नाना म्हणाला आणि सवयीने उठला.

"याला टेलिफोन डिरेक्टरी दिली तरी आवडेल! म्हणेल, पात्रं भरपूर आहेत."

सगळे हसले. छापखानेवालाही थोडं हसला. खोलीतली हवा हलकी झाली.

नानाने चार कप आणले. बशीत एक थेंब सांडला नव्हता.

"हसा तुम्ही," तो म्हणाला. "पण त्या एका जागी माझं काळीज हललं. ती एक चप्पल हातात धरून, एका अनवाणी पायाने लंगडत येते ना कडेकडेने, तिथे. दोन रात्री डोळ्यांसमोरून जाईना. लेखकाने काय पकडलंय हो ते!"

"हे कुठे आहे?" वकिलाने विचारलं.

"आहे की. गाडी येते त्याच्या जरा आधी."

बाईंनी चष्मा लावला आणि पानं उलटायला सुरुवात केली. पुढे गेल्या, मागे आल्या.

छापखानेवाला उठला. त्याने दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"शोधू नका, बाई," तो म्हणाला. "मी ते लिहिलं नव्हतं."