सोळा अंश

“अजून गारच आहे गं फरशी,” अप्पा म्हणाले. सगळा जन्म अकोल्यात काढलेल्या वडिलांना शर्वाणीने ऐन हिवाळ्यात कॅल्गरीला आणलं होतं. त्यांना बसायला घरामागची काचेची खोली आवडायची. भिंतीवरचा थर्मोस्टॅटही फरशी सोळा अंशांवर असल्याचं दाखवत होता, म्हणून ती कालपासून फरशीखालचा हीटर वाढवतच होती.

शेवटी तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून थर्मोस्टॅट उघडला, फरशीखालच्या सेन्सरच्या तारा सोडवून मीटर लावला. मीटरवरचा आकडा तिने वाचून दाखवला; त्याच्या हिशेबाने तोही सोळा अंशांचाच होता.

“आता फरशीला हात लावा,” तो म्हणाला. “गरम लागली तर सेन्सर खोटं सांगतोय, आणि हीटर थांबलेलाच नाही.”

तिच्या पायात जाड लोकरी सपाता होत्या. तिने वाकून तळहात टेकवला आणि चटका बसून झटकन मागे घेतला.

अप्पा सकाळपासून तिथे खुर्चीत, अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसले होते. तिने फोन टाकून त्यांचे पाय उचलले. दोन्ही तळव्यांना टरटरून फोड आले होते. मधुमेहाने पाय बधिर झालेत, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

जखम चिघळत गेली. उजवं पाऊल काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती पलंगाच्या कडेला डोकं टेकून हमसून हमसून रडू लागली. अप्पा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

“वेडी का काय तू? अगं, मला जरासुद्धा दुखत नाहीये.”